अण्णाचा नमस्कार

वाचनालयाच्या मंडळींनो, आजचं आजच या फळ्यावर लिहितोय. उद्या धीर होणार नाही.

माझा थोरला भाऊ अण्णा जन्मापासून आंधळा. सकाळी आमच्या सोलापूरच्या घरी धाकट्या बहिणीला बघायला माढ्याचे पाहुणे एसटीने आले. मुलाच्या वडिलांनी अण्णासमोर हात जोडले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. अण्णा तसाच बसून राहिला.

"लई ताठा हाय की ह्याला!" मुलाचे वडील म्हणाले.

"त्याला दिसत नाही हो," मी म्हणालो.

"ठावं हाय. पर मानूस म्होरं आल्यालं बी कळत न्हाय व्हय?"

अण्णाने ते ऐकलं. मग पाऊल वाजलं की तो उठून हात जोडायला लागला. आईला जोडले, मला जोडले. शेवटी शेजारची शेळी आत शिरली, तिलाही वाकून नमस्कार केला.

सगळी बैठक हसली. काय चुकलं ते न कळून त्याने त्या हसण्यालाही हात जोडले.

पाहुणे होकार न देताच गेले. आत्ता मी अण्णाजवळ गेलो, तर चाहूल लागताच त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मंडळी, तोंडाने 'नमस्कार' म्हणायला आपलं काय जात होतं?