शेवटच्या पानावरची चांदणी

आमच्या वाचनालयातले म्हातारे वाचक पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करतात. कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये, एवढ्यासाठी. मी चांदणी काढतो, पण पुस्तक नेताना ती शोधत बसत नाही. माझ्या लक्षात राहतं.

या महिन्यात हाती लागलं ते सगळं सुमार. प्रवासवर्णनात डोंगर कमी आणि लेखकाची जेवणंच जास्त. आत्मचरित्रातल्या गृहस्थांचं आयुष्यात एकदाही चुकलेलं नाही. रहस्यकथेतला खुनी तर मला अर्ध्यातच कळला, म्हणून ती तिथेच मिटून परत केली.

"हल्लीचं लिखाण मनात राहतच नाही," मी ग्रंथपाल बाईंना म्हणालो.

"काका, नेताना शेवटचं पान बघत जा," एवढंच म्हणून त्यांनी एक कादंबरी पुढे सरकवली.

बायको गेल्यावर स्वयंपाक शिकणाऱ्या माणसाची ती गोष्ट. त्याची पहिली पोळी करपते, तिथे मला पुढचं दिसेना. माझंही तसंच झालं होतं. हे मात्र मरेपर्यंत विसरणार नाही, असं म्हणत मी पेन्सिल घेऊन शेवटचं पान उघडलं.

कोपऱ्यात माझी चांदणी होती.

मी पेन्सिल खाली ठेवली. मग तो खुनी मला अर्ध्यातच कसा कळला, तेही कळलं.