कापलेलं कुठे जातं

मास्तरांचा कॉम्प्युटर शिलाई मशीनवर बसला होता. दुकान बंद केलं तेव्हा मास्तरांनी मशीनचं डोकं तेल घालून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं, पण खालचा लोखंडी पाय आणि वरची फळी टाकायला त्यांचा जीव होईना. पुढे लेकीने आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला, तेव्हा घरात चांगलं टेबल रिकामं असूनही मास्तरांनी तो त्या फळीवरच मांडला. खाली पायडल असल्याशिवाय त्यांना बसल्यासारखं वाटत नसे. हाताने माउस हलवायचा आणि पायाने पायडल मारत राहायचं, असा सगळा कारभार. चाक गरगर फिरे आणि शिवलं काहीच जात नसे. लेक म्हणायची, "आमचे बाबा कॉम्प्युटर पायाने चालवतात."

तसं पाहिलं तर मास्तरांनी आयुष्यभर मन लावून एकच काम केलं होतं, ते म्हणजे बेतणं. "शिवतं काय, कुणीही शिवतं," असं ते म्हणत, आणि ते ऐकून काजबाई नाक मुरडत. काजबाई म्हणजे त्यांची बायको. दुकानातली काजं, बटणं, हातशिलाई सगळं त्यांच्याकडे, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव घरातही येऊन राहिलं होतं. मास्तर कापड पसरत, खडूने रेघा ओढत आणि कात्री हातात धरून बराच वेळ नुसते उभे राहत. गिऱ्हाइकाला वाटे, यांची समाधी लागली. तेवढ्या वेळात मास्तर मनातल्या मनात ते कापड कापून, शिवून, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून, बाही कुठे ओढते ते बघून परत येत. मगच कात्री चाले. कापड एकदा कापलं की कापलं, तिथे माघार नाही. तयार सदऱ्याला काजाची चीर द्यायला तर ते कधीच धजावले नाहीत. ते काम काजबाई करत. कच् करून चीर द्यायची, तिच्या कडा दोऱ्याने बांधून टाकायच्या आणि पुढचा सदरा ओढायचा. त्यांचा हात कधी अडखळला नाही.

अशा माणसाला लेकीने फोनवरून कॉम्प्युटरमधला पहिला शब्द शिकवला, तो 'कट'.

"बाबा, फाइलवर माउसचं उजवं बटण दाबा. त्यात कट आहे बघा. तो दाबा. मग नवीन फोल्डर उघडून तिथे पेस्ट."

"आणि मधल्या वेळात ती कुठे असते?"

"कोण?"

"कापलेली."

लेकीला हसू आलं. "असते कुठेतरी, आत. बाबा, साधी फाइल आहे. जिवावर बेतल्यासारखं काय करताय?"

"माझ्या जिवावर नाही. तुझ्या आईच्या आवाजावर बेतेल," मास्तर म्हणाले. यावर लेक हसली नाही.

कारण त्या फाइलींमध्ये काजबाईंचा आवाज होता. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आवाज राहील, पण हा राहणार नाही. काजबाईंनी ते ऐकून घेतलं. घरी आल्या, बोलणं कसं साठवायचं ते लेकीला विचारून घेतलं, आणि रोज दुपारी माइकसमोर बसून बोलायला लागल्या. जगावेगळं काही नाही. माप देताना श्वास आत ओढून धरणारं आणि मग सदरा घट्ट झाला म्हणून भांडायला येणारं एक गिऱ्हाईक. लहानपणी कापडाच्या ढिगात झोपून जाणारी लेक, आणि तिला उठवायला नको म्हणून खोळंबलेली कामं. मधेमधे मास्तरांच्या नावाने खडे. बोलणं झालं की बटण दाबून त्या उठायच्या. फाइल कुठे जाऊन बसते, याची त्यांनी फिकीर केली नाही. त्यामुळे एक आवाज फोटोंमध्ये, एक लाइटबिलाच्या शेजारी, एक भलत्याच कुठल्या कोपऱ्यात, आणि सगळ्यांची नावं म्हणजे नुसते आकडे.

मास्तरांना हा आवाज एका जागी हवा होता. एक फाइल हरवली तर तेवढी बायको हरवली, असा त्यांचा साधा हिशोब होता.

आता बायको घरात होती, चांगली धडधाकट होती. पण ती बोलत नव्हती. ऑपरेशननंतर बाईंनी नेटाने व्यायाम केले, आणि एके सकाळी त्यांच्या घशातून पहिल्यांदा शब्द आला, "पाणी." जाडाभरडा, घोगरा आवाज. मास्तरांनी वळून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. दारात कुणी नव्हतं. ते बाईंनी पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी सुई टोचू नये म्हणून घालायचं लोखंडी अंगुस्तान बोटात चढवलं आणि त्याने टेबलावर टकटक करून काम भागवायला सुरुवात केली. एकदा टक् म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. लेकीच्या फोनवरही टकटकच. मास्तरांना आपली चूक कळली होती, पण कळलेली चूक उसवायची कशी ते त्यांना कळेना.

तर मास्तरांनी कट केलं नाही. त्याच्याच खाली कॉपी नावाचा भला गृहस्थ दिसला, त्याला त्यांनी धरलं. कापडाला हात लावण्याआधी कागदावर बेत काढून ठेवावा, तशी प्रत काढली. मग प्रतीला काही झालं तर, म्हणून तिची प्रत. फोल्डरांना नावं दिली ती त्यांना येत होती ती: पाठ, पुढा, बाही, कॉलर, अस्तर. दुकानातल्या गोष्टी 'पुढा'त गेल्या, लेकीच्या 'बाही'त, मास्तरांना दिलेल्या शिव्या 'कॉलर'मध्ये. जे फक्त दोघांचं होतं ते 'अस्तर'मध्ये. चुकून जास्त झालेल्या प्रती त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, पण डबा काही रिकामा केला नाही. कतरणांची पिशवी कुठला शिंपी रिकामी करतो? कधी कुठलं ठिगळ लागेल, सांगता येत नाही.

दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत पिवळट उजेड भरून राही. मास्तर मोठे हेडफोन कानावर चढवत आणि फोल्डर उघडत, त्याच्या आतला उघडत, त्याच्या आतला. पाय आपोआप चालत. चाकाची घरघर आणि पंख्याची घरघर एक होऊन जाई आणि त्यांना वाटे, आपण गळ्यात टेप अडकवून एका लांबलचक घरातून चाललोय. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. सगळीकडे अर्धवट शिवलेले कपडे टांगलेत, वाऱ्याशिवाय हलतायत. काजबाई नेहमी पुढच्या खोलीत. बोलणं ऐकू येतंय, माणूस दिसत नाही. "आलात का?" तिकडून आवाज येई. "आलो, आलो," मास्तर मोठ्याने म्हणत आणि दचकून जागे होत. मागे पलंगावर खऱ्या काजबाई कसलं तरी बटण लावत बसलेल्या असत. त्या मान वर करत नसत. सुई तेवढी कापडाच्या आतबाहेर करत राही.

एक फाइल मात्र अजून बाहेरच होती, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या निळ्या आकाशात, एकटी. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची. त्यात बाई दोऱ्याच्या रिळांबद्दल काहीतरी सांगत होत्या, मधेच म्हणाल्या, "अहो मास्तर, असे तोंड पाडून बसू नका, सदरा बिघडल्यासारखं," आणि हसल्या. बराच वेळ हसल्या. पुढे त्या तशा हसल्या नाहीत. ही फाइल आतल्या अस्तरात जायला हवी होती. मास्तरांनी कॉपी दाबलं, पेस्ट दाबलं, आणि कॉम्प्युटरने पाटी दाखवली: जागा शिल्लक नाही.

"कशी असेल?" लेक फोनवर म्हणाली. "एकेका फाइलीच्या इतक्या प्रती केल्यात तुम्ही! आधी डबा रिकामा करा."

"ते होणार नाही."

"मग कट करा. कट-पेस्टला वेगळी जागा लागत नाही. बाबा, करा हो एकदा."

फोन ठेवून मास्तर कात्री हातात घेतल्यासारखे बसून राहिले. मनातल्या मनात त्यांनी ती फाइल कापली, उचलली, अस्तरात नेऊन ठेवली, परत आले. सगळं नीट झालं. मग त्यांनी खरोखर 'कट' दाबलं.

फाइल गेली नाही. ती फिकट झाली. धुऊन धुऊन रंग उडालेल्या कापडासारखी, आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. घाबरले की मास्तरांचे पाय जोरात चालत, तसे ते चालायला लागले. चाक भन्नाट फिरलं, खाली लोंबणारी वायर त्यात अडकली, एक हिसका बसला आणि प्लग सुटून पडदा काळा झाला.

त्या काळ्या काचेत मास्तरांना स्वतःचा चेहरा दिसला. हेडफोनमध्ये काही नव्हतं. त्यांनी ते गळ्यात ओढले आणि त्यांना रडू फुटलं, अगदी मोठ्याने.

काजबाई हातातलं काम टाकून आल्या. खांद्यावर हात ठेवून त्यांनी पाहिलं.

"गेलं," मास्तर म्हणाले. "कापून हातात धरलं होतं गं. जोडायच्या आत गेलं. तुझं हसणं होतं त्यात. माझ्या हातून तुझा आवाज गेला."

अंगुस्तान फळीवर वाजलं. टक् टक्. नाही.

"नाही काय? गेला म्हणतोय ना!"

टक् टक्.

"तुला नाही कळणार. कट केल्यावर..."

काजबाईंनी अंगुस्तान बोटातून काढलं आणि कीबोर्डशेजारी ठेवलं.

"मग हे कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या. "मशीन?"

तोच जाडाभरडा आवाज, तेलावाचून खरखरणारा. पण या वेळी मास्तरांनी दाराकडे पाहिलं नाही. ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली आणि त्या लाजेपेक्षा मोठा आनंद झाला.

"रोज कान झाकून त्या बाईकडे जाता," काजबाई म्हणाल्या. वाक्याच्या मधे त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "मी इथे, मागे बसलेली असते. राग येतो मला तिचा."

"अगं, ती तूच आहेस."

"होते."

मास्तर म्हणाले, "त्या दिवशी मी दाराकडे बघितलं. चुकलं माझं."

"चुकलंच," काजबाई म्हणाल्या आणि खाली वाकून चाकात अडकलेली वायर सोडवायला लागल्या.

मास्तरांनी लेकीला फोन लावला आणि तो फळीवर ठेवून झालं ते सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, नुसतं कट केल्याने फाइल कुठेच जात नाही. पेस्ट करेपर्यंत जिथल्या तिथेच असते. फक्त फिकट दिसते."

"जिथल्या तिथेच?"

"नवी जागा मिळाल्याशिवाय जुनी सोडत नाही ती."

"मी तेच सांगत होते," खालून काजबाई म्हणाल्या.

"बाबा, कोण आहे तिथे?" पलीकडून लेकीने हळूच विचारलं. "आई?"

"हो गं, मीच," काजबाई म्हणाल्या. यानंतर बराच वेळ फोनमधून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं.

कॉम्प्युटर सुरू झाला. निळ्या आकाशात फाइल होती, पहिल्यासारखी ठळक. मास्तरांनी कट दाबलं, ती फिकटली, आणि त्यांनी शांतपणे अस्तर उघडून तिला आत ठेवलं. मग ते बायकोकडे वळले.

"आता तू बोल. माइक लावतो."

"जागा कुठे आहे?" काजबाई म्हणाल्या. "पिशवी भरून ठेवलीय नुसती."

मास्तर जरा घुटमळले. मग त्यांनी कतरणांची पिशवी, म्हणजे तो कचऱ्याचा डबा, रिकामा केला. कागद चुरगळल्याचा आवाज आला आणि सगळी ठिगळं गेली. त्यांनी नवीन फोल्डर केला. नावाच्या चौकटीत बारीक रेघ लुकलुकत होती.

"नाव काय देऊ? पाठ, पुढा, बाही, कॉलर, अस्तर, सगळं होऊन गेलं."

"सगळं शिवून झालं," काजबाई म्हणाल्या, "की शेवटी काय करायचं राहतं, मास्तर?"

मास्तरांनी बायकोच्या घशावरच्या शिवणीच्या रेषेकडे पाहिलं. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'काज'.

काजबाई खुर्ची ओढून माइकसमोर बसल्या, खाकरल्या. मास्तरांनी गळ्यातले हेडफोन काढून ठेवले आणि पायडलवरचे पाय खाली जमिनीवर टेकवले.

"बोल," ते म्हणाले.