सहीखालच्या दोन रेघा

प्रश्न एकच होता: एकाहत्तरच्या युद्धात मारल्या गेलेल्या माझ्या काकांची पदके सव्वीस वर्षे झाली तरी घरी का आली नव्हती? उत्तर मिळाले. ते असे असेल, असे मात्र मला कधीही वाटले नव्हते.

आमचे घर पाचूबंदरचे, मासेमारी करणारे. काका घरातले पहिलेच असे, की ज्यांनी होडी सोडून सैन्याची वाट धरली. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा तार आली. अंत्यविधी तिकडेच, सीमेजवळ झाला होता. इकडे चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली, परंतु आजी, म्हणजे काकांची आई, दारापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. काकीला पुढे पेन्शन सुरू झाली. पदके आली नाहीत.

पदक म्हणजे धातूचा एक तुकडा, हे मला कळत होते. काकीच्या दृष्टीने मात्र तो पुरावा होता. जेटीवर मासळीचा लिलाव चाले, तिथे भांडण झाले की कोणीतरी हमखास म्हणे, "तुज्या नवऱ्याला सरकारनं बिल्ला तरी दिला का गं? पलाला असंल तो!" काकी टोपली उचलून घरी येई आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नसे. शेजारच्या गावातल्या एका जवानाच्या घरी फोटोखाली पदके टांगलेली तिने पाहिली होती. त्यामुळे तो टोमणा तिला खोटा म्हणता येईना.

मी शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा हे काम माझ्याकडे आले. पहिली दोन पत्रे मी फार सुंदर लिहिली. दोन्हींना उत्तर आले नाही. मग ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथे एक निवृत्त सुभेदार अर्ज तपासून देत. त्यांनी माझे पत्र शेवटपर्यंत वाचले आणि चष्मा काढला.

"बाई, तुम्ही शिक्षिका ना?"

"हो."

"मग गणिताच्या पेपरात निबंध का लिहिलात? आधी सैनिक क्रमांक, मग पलटण, मग वारसाचे नाव. भावना शेवटी, आणि जागा उरली तरच."

क्रमांक काकीच्या पेन्शनच्या पुस्तकात होता. म्हणजे तो आमच्याच घरात होता. दोन्ही पत्रांत तो नव्हता, हा दोष माझाच. तिसरा अर्ज मी सुभेदारांच्या सांगण्याप्रमाणे लिहिला. त्याचे उत्तर १९९८ साली, शाळेला सुट्टी लागल्यानंतरच्या आठवड्यात आले.

पाकीट मी काकीच्या स्वयंपाकघरात उघडले. ती बोंबील साफ करत होती. वरचे पत्र इंग्रजीत होते. मी मनात मराठी करत मोठ्याने वाचू लागले: दोन्ही पदके युद्धानंतर तिसऱ्या वर्षी रजिस्टर टपालाने वारसाच्या पत्त्यावर पाठवली होती. वारसाने ती स्वीकारण्यास लेखी नकार दिला. पाकीट परत आले. नकाराची प्रत सोबत जोडली आहे.

काकीचा हात थांबला. "वारस म्हंजे कोन?"

"तू."

"मी नाय म्हनले? मी?" ती उठून उभी राहिली. "बाय, नीट वाच. मना तेव्हा सही तरी येत होती का?"

हे खरे होते. काकी तेव्हा अंगठा उठवत असे. तिला नाव लिहायला मीच शिकवले, ते पुष्कळ नंतर, मी डी.एड. करत असताना. म्हणजे सही खोटी होती. माझ्या जिवाचा संताप झाला. कोणत्या तरी कार्यालयात कोणी तरी काम टाळण्यासाठी ही सही ठोकली असणार, हे मी त्याच क्षणी ठरवूनही टाकले. पुढची तक्रार मनात तयार होऊ लागली. मग मी झेरॉक्सचा कागद पुढे घेतला.

त्यावर दोनच शब्द होते: "घेत नाही." त्यांच्याखाली काकीचे पूर्ण नाव. आणि नावाखाली पट्टीने आखलेल्या दोन सरळ, समांतर रेघा.

मी वर्षानुवर्षे वह्या तपासल्या आहेत. रागावलेला माणूस नकारावर सही करतो, तेव्हा पट्टी शोधत नाही. लबाड माणूसही शोधत नाही. नावाखाली पट्टीने दोन रेघा आखतो तो चौथीतला विद्यार्थी, कारण तसे न आखल्यास त्याचा एक गुण जातो. आमच्या घरात त्या वर्षी चौथीत एकच व्यक्ती होती.

चोवीस वर्षांत एकदाही न आठवलेली दुपार समोर उभी राहिली. काकी आपल्या आजारी आईकडे अर्नाळ्याला गेली होती. वडील होडीवर. अंगणात पोस्टमन, दारात आजी, तिचे दोन्ही हात पाठीमागे. पोस्टमन पाकीट पुढे करत होता आणि ती मागे सरत होती. जिच्या नावाचे आहे तिची सही लागेल, असे तो म्हणाला. "सून आत हाय, तापानं पडलीय," असे आजीने सांगितले आणि मला आत ढकलले. "लिव, घेत नाय. आनि तिचं नाव लिव." मी दप्तरातून पट्टी काढली. अक्षर चांगले यावे, एवढीच मला काळजी होती.

आजीने असे का केले, हे समजण्यासाठी आमच्या घरातली एक समजूत सांगायला हवी. समुद्रात गेलेला माणूस परतला नाही, तर त्याची टोपी, त्याची सुरी, मासळीतला त्याचा वाटा, यातले काहीही घरातल्या बाईने हातात घ्यायचे नाही. हातात घेतले, की त्याला आपण सोडले. आजीने युद्धालाही समुद्राचाच नियम लावला होता. मुलाचा देह तिने पाहिला नव्हता; मग ते पाकीट ती का घेईल?

"काय गं? कोनाची सही हाय?" काकीने विचारले.

उत्तर टाळता आले असते. आजी वारली होती, पोस्टमनचा पत्ता नव्हता, आणि दोष द्यायला सरकार होतेच.

"माझी," मी म्हणाले. आणि सगळे सांगितले.

तिने कागदावरच्या नावावर बोट ठेवले. मग म्हणाली, "पूर्ण नाव लिवलंस माजं?"

"हो."

"आनि मागाहून मलाच शिकवलंस, नाव कसं लिवायचं ते."

मी रडू लागले. ती रडली नाही. बोंबलाची परात पुढे ओढून ती पुन्हा कामाला लागली, आणि थोड्या वेळाने कोणाला उद्देशून कोण जाणे, म्हणाली, "त्याच्या आवशीनं सोडलं नाय त्याला. आनि मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या." आठ दिवस ती माझ्याशी मोजकेच बोलली. ते मला योग्यच वाटले.

पदके पुन्हा मिळण्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावे लागले: नकार वारसाने दिला नसून, तो मी अमुक वयाची असताना लिहिला. सुभेदारांनी तेही वाचले. या वेळी चष्मा काढला नाही. शिक्का कुठे मारून घ्यायचा, तेवढेच दाखवले.

पाकीट पुढच्या वर्षी आले. पोस्टमन नवा होता. मी मुद्दाम मागे उभी राहिले. काकीने हात धुतले, पदराला पुसले, आणि तरीही ती ते पुढे करीना. त्या क्षणी मला कळले, की ती समजूत फक्त आजीची नव्हती. हातात घेतले, की सोडले.

"मावशी, परत नेऊ का?" पोस्टमनने विचारले.

"थांब जरा," ती म्हणाली. "सत्तावीस वरसं झाली, तू दोन मिनटं थांब." मग तिने पेन घेतले, सावकाश आपले नाव लिहिले आणि पाकीट छातीशी धरले. आत एक ताऱ्याच्या आकाराचे पदक होते आणि एक गोल. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती दोन्ही घेऊन दफनभूमीत गेली आणि काकांच्या नावाच्या, खाली देह नसलेल्या क्रूसासमोर मेणबत्ती लावली. त्याआधी तिथे तिने कधीच मेणबत्ती लावली नव्हती.

वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरातल्या कोणाची अशी पदके यायची राहिली असतील, तर माझ्या सांगण्यावर विसंबू नका आणि कोणाला दोषही देऊ नका. क्रमांक शोधा, अर्ज करा, आणि जुन्या कागदाची प्रत मागवा. त्यावरचे अक्षर कोणाचे आहे, ते स्वतः पाहा.