बुडालेल्या डिझेल गाडीची फिर्याद

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. जुन्या मोटारीच्या फसवणुकीचं एक साधं प्रकरण मात्र बारीकसारीक तपशिलासकट लक्षात आहे. ते आठवलं की मला माझाच राग येतो.

तेव्हा मी मुलुंडकडच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ काठी टेकत आले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ऑपरेशननंतर डावा गुडघा नीट वाकत नव्हता. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी घाटकोपरला न्यावं लागे आणि रिक्षाचे धक्के तिला सोसत नव्हते. डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही म्हणून ऑटोमॅटिक, आणि ही धावपळ, शिवाय कोकणातल्या गावी जाणं-येणं म्हणून डिझेल, असा विचार करून त्यांनी आमच्याच हद्दीतल्या एका गाडीवाल्याकडून जुनी गाडी घेतली. दीड महिन्यात ती विक्रोळीजवळ हायवेच्या मधोमध बंद पडली. बायको आत, मागून हॉर्न. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं आणि बाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं.

मास्तरांनी एक वही आणली होती. चार गाड्यांची तुलना, सुवाच्य अक्षरात. मालक किती झाले, सर्व्हिस कुठे झाली, विम्याचा दावा केला होता का, टायर कोणत्या सालचे. असा खरेदीदार मी दुसरा पाहिला नाही.

"घेण्याआधी मेकॅनिकला दाखवली होती?" मी विचारलं.

ते वहीकडे बघत म्हणाले, "नाही. ते राहून गेलं."

टायरचं साल लिहून ठेवणारा माणूस मेकॅनिक विसरतो, हे मला पटलं नाही. पण फिर्यादीला उलटसुलट विचारत बसायची ती वेळ नव्हती. गुन्हा नोंदवला आणि गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आणून लावली.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक माणूस बोलला. नाव सांगितलं नाही. त्या गाडीवाल्याकडे पूर्वी डेंटिंगचं काम करायचा, एवढंच म्हणाला. "साहेब, ती गाडी बुडीत आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तिकडे कोणी धूत नाय."

पंचांसमोर पट्टा ओढला. शेवटच्या वीतभर भागावर सुकलेल्या चिखलाची करडी रेघ होती. सीटखालचे रूळ गंजलेले. आमचा ड्रायव्हर हवालदार गाड्यांतला जाणकार. त्याने गिअरचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "जळालंय, साहेब. ऑटोमॅटिक गाडी नेहमी थंड असताना बघायची. हे लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच चालू करून गरम ठेवतात. गिअर टाकताना बसणारा झटका मग कळत नाही." मास्तरांना विचारलं. गाडी बघायला ते दोनदा गेले होते, दोन्ही वेळा इंजिन चालूच होतं.

चासी नंबरावरून माग काढला. गाडी परराज्यातल्या पुरात बुडालेली, विमा कंपनीने भंगार ठरवून लिलावात काढलेली. कागद हातात आल्यावर गाडीवाल्याला बोलावलं.

पांढरा शर्ट, गोड बोलणं. "साहेब, आपण घरचीच माणसं," अशी त्याची सुरुवात. मी एकेक कागद पुढे ठेवत गेलो आणि गप्प राहिलो. चौकशीत आपण गप्प राहिलो की समोरच्याला बोलावंसं वाटतं. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि खांदे उडवले.

"खरं सांगू का साहेब? मी कोणाला चेक करू नको बोलत नाही. लोक मेकॅनिक घेऊनच येतात ना. ऑफिसात बसतात, मागे तुमचा फोटो बघतात आणि स्वतःच मेकॅनिकला बोलतात, तू जा रे, गरज नाही."

"कसला फोटो?"

"आपल्या ठाण्याच्या सत्यनारायणाचा. तुम्ही मला शाल घालताय तो."

आमच्या ठाण्यात दरवर्षी सत्यनारायण व्हायचा. मांडव, प्रसाद, खुर्च्या असं सगळं हद्दीतले व्यापारी द्यायचे, आणि वरिष्ठ निरीक्षकाने त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं ही रीत. त्या दिवशी मी तीसेक जणांच्या खांद्यावर शाली टाकल्या असतील. तोंडंसुद्धा बघितली नव्हती. याने मात्र फोटो मोठा करून, काच लावून खुर्चीमागे टांगला होता.

मास्तरांना पुन्हा बोलावलं. "तुम्ही तो फोटो पाहिला होता?"

"पाहिला होता."

"मग फिर्यादीत का नाही सांगितलं?"

"तुमच्यासमोर बसून तुमचंच नाव कसं घेणार, साहेब? मेकॅनिक बाहेर उभा होता. मीच त्याला परत पाठवला. म्हटलं, पोलिसांच्या माणसावर संशय नको घ्यायला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या ऑफिसचा पंचनामा करायला गेलो, तर खुर्चीमागच्या भिंतीवर नुसता खिळा होता आणि रंग न उडालेला एक चौकोन. माझ्याच माणसांपैकी कोणीतरी आधी फोन केला होता. कोणी, ते मी विचारलं नाही. भिंत सोडून बाकी सगळं पंचनाम्यात लिहिलं आणि मी सही केली.

मास्तरांनी गाडी परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला. गाडी सोडायला हरकत आहे का, यावर कोर्टाने आमचं म्हणणं मागितलं. त्या सुनावणीत आरोपीचा वकील फोटो पुढे करील, वर्तमानपत्रात येईल, आणि माझ्या निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. 'तांत्रिक तपासणी अहवाल येणे बाकी' असं लिहून मी फाइल खाली सरकवली. ती सरकतच राहिली.

मास्तर आठवड्यातून एकदा येत. "साहेब, गिअरबॉक्स बसवून देणारा ओळखीचा माणूस तयार आहे. गाडी तेवढी सोडा. हिचे फार हाल होतात."

"कोर्टाचं काम आहे, मास्तर. वेळ लागतो."

"बरं," म्हणून ते आभार मानून जात. त्या आभारांची मला चीड यायची.

दोषारोपपत्र व्यवस्थित गेलं. वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. फोटोचा विषय कुठेच निघाला नाही. पाच महिन्यांनी मी म्हणणं पाठवलं, तर कोर्टाने दोन दिवसांत गाडी सोडली. इतकं सोपं होतं ते. मी स्वतः फोन केला. "मास्तर, ऑर्डर झाली. गाडी घेऊन जा."

ते म्हणाले, "ही गेली, साहेब. मागच्या सोमवारी. आता गाडी घेऊन मी कुठे जाऊ?"

आता मी कांदिवलीला राहतो. सोसायटीतले लोक विचारतात, जुनी डिझेल ऑटोमॅटिक घ्यायचीय, तुमच्या ओळखीचा कोणी आहे का. मी म्हणतो, गाडी थंड असताना बघा, पट्टा शेवटपर्यंत ओढा, मेकॅनिक तुमचा न्या, आणि ओळख कोणाचीच धरू नका, माझीसुद्धा नाही. लोकांना वाटतं म्हातारा तिरसट झालाय. वर्दीतल्या माणसाने खांद्यावर हात ठेवला की लोक त्याला हमी समजतात, आणि आम्ही ती कोणालाही वाटत सुटतो. हे मला या प्रकरणाने शिकवलं. पण हे शिकणं मला फुकट पडलं, किंमत दुसऱ्याच घराने दिली.

बाईंचा आजारच तसा होता, असं डॉक्टर सांगतील. मी विचारायला गेलो नाही. फाइल माझ्या टेबलावर होती तेवढे पाच महिने त्या बाई रिक्षाने जात होत्या. आठवड्यातून तीन दिवस, जाताना आणि येताना.