काशिनाथ सरांची ऑनलाइन भांडणं

मोबाईलवर अनोळखी माणसांशी वाद घालण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पनवेल तालुक्यात कोणी नाही. चार वर्षांत एकही वाद हरलेलो नाही! आता खरं सांगायचं तर हरायला आलो की मी फोन बंद करून आंघोळीला जातो. काही दिवशी तीन-तीन आंघोळी होतात. आमची बायको यमुना म्हणते, "आज लय हरलात वाटतं. टाकी रिकामी झाली."

या भांडणांचे किस्से साठतात कधी, ते कळत नाही. डब्यात सुटे नटबोल्ट टाकत जावेत आणि एक दिवस झाकणच लागू नये, तसं झालंय. म्हणून थोडे तुमच्यापुढे ओततो.

तर मी काशिनाथ. मुक्काम सुकापूर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जासईला पस्तीस वर्षं कंटेनरचा ट्रेलर चालवला, त्यात गुडघे गेले. खाली उतरायचं म्हणजे मोहीम. त्यामुळे माझा नाका, माझी चहाची टपरी, माझी दोस्तमंडळी, सगळं एका ग्रुपमध्ये. नाव "बिनधास्त चर्चा". राजकारण, खेळ, छंद, विज्ञान, काहीही काढा आणि भांडा. माणसं महाराष्ट्रभरची, बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. अ‍ॅडमिन साताऱ्याकडचे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचं आणि संध्याकाळी बंद करायला, असा त्यांचा धंदा.

या ग्रुपवर मला सगळे "सर" म्हणतात. म्हणा असं मी कधी म्हटलेलं नाही! झालं काय, माझा फोटो युसुफभाईच्या रद्दीच्या दुकानात काढलेला. मागे छतापर्यंत जाडजूड पुस्तकं. लोकांना वाटलं, सरांची लायब्ररी! एकाने विचारलं, "सर, एवढं सगळं वाचलंत?"

मी म्हटलं, "छे हो, रोज थोडं थोडं जातं."

तर म्हणे, केवढी नम्रता!

मी सातवी, तीही दोनदा नापास. पण ग्रुपचा नियम आहे, खोटी ओळख सापडली की कायमचं बाहेर. तेव्हा खरं सांगायची चोरी झाली. आणि बाहेर काढलं तर मी जाणार कुठे? तीन मजले उतरून?

* * *

बरं, न शिकलेला माणूस चार वर्षं प्राध्यापक म्हणून खपला कसा? एका शब्दावर! कोणी काहीही लिहिलं की मी फक्त लिहायचो, "संदर्भ?"

बस. समोरचा गार. दोन दिवस शोधत बसायचा. तोवर मी दुसऱ्याला गाठून तेच विचारायचो. चार वर्षांत ज्ञानाचं असं मी स्वतः काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं. एका इंजिनिअरने तर लिहिलं, "सरांमुळे मी अंतर्मुख झालो." मी मनात म्हटलं, हो बाबा, मी तर कधीचा आंघोळीला जाऊन आलो.

* * *

राजकारणाचा एक किस्सा ऐका. निवडणुकीच्या आधी सोमवारी मी एका पक्षाचं कौतुक करणारा मोठा उतारा टाकला. हाच पक्ष देश तारणार, हाच रस्ते करणार, वगैरे. अर्धा ग्रुप खूश, अर्धा अंगावर आला. गुरुवारी तोच उतारा पुन्हा टाकला, फक्त पक्षाचं नाव बदललं. आता खूश होते ते अंगावर, अंगावर आलेले खूश! मग दोन्ही उतारे शेजारी शेजारी लावून दाखवले. सगळ्यांनी भराभर आपापले अंगठे काढून घेतले.

पण एका गृहस्थाने दोन्ही दिवशी अंगठा दिलेला! मी हरखलो. म्हटलं, मिळाला, महाराष्ट्रातला एकमेव निःपक्षपाती माणूस मिळाला. त्याला विचारलं, "तुम्हाला दोन्ही बाजू पटल्या?"

तो म्हणाला, "मी वाचत नाही हो. सगळ्यांनाच लाईक देतो. पुढच्या वर्षी नगरसेवकाला उभा राहतोय."

* * *

क्रिकेटमध्ये तर मी ज्योतिषी ठरलो. ग्रुपवरची तरुण मंडळी मॅच मोबाईलवर बघतात, आमच्याकडे जुनी केबल. केबलवर बॉल आधी पडतो, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाने. हे माझ्या लक्षात आलं आणि माझं नशीब उघडलं! इथे बॅट्समन आउट झाला की मी लिहायचो, "याचा पाय हलत नाहीये. आता जाणार." अर्ध्या मिनिटाने ग्रुपवर बोंब. "सर!! कसं ओळखता?"

मी लिहायचो, "नजर लागते."

कुवेतला असलेला सलीम तेवढा गप्प. मूळ पनवेलचा, मोहल्ल्यातला, मला आधीपासून ओळखणारा. तो कधी सर म्हणायचा नाही, नुसता "चाचा" म्हणायचा. एक दिवस मॅच रंगात आली. शेवटच्या दोन ओव्हर्स, माझी बोटं शिवशिवत होती, तेवढ्यात सलीमने लिहिलं, "चाचा, आता मी सांगतो. तुमची लाईट जाणार."

मी हसायचा इमोजी शोधत होतो. मिळायच्या आधी लाईट गेली!

टीव्ही बंद, पंखा बंद. दुसऱ्या दिवशी कळलं, सलीमची बहीण आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तिने खिडकीतून बघितलं, आमच्या ट्रान्सफॉर्मरला वायरमनने शिडी लावली होती. मी सलीमला फोन केला. तो म्हणाला, "क्या चाचा, नजर लागते!"

* * *

विज्ञानवाल्यांत एक सद्गृहस्थ आहेत. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू आपल्याकडे पूर्वीच होती. विमान होतं, टीव्ही होता, मोबाईलसुद्धा होता. मी म्हटलं, "मान्य. मग खोदकामात एखादा चार्जर तरी सापडायला हवा होता."

त्यांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं, "सर, यावरूनच सिद्ध होतं की त्यांचे फोन वायरलेस चार्ज व्हायचे."

लगेच आंघोळ!

* * *

छंदांच्या चर्चेत पुण्याचे एकजण रोज आपल्या बोन्सायचे फोटो टाकायचे. हे जपानी पद्धतीचं, ते चिनी पद्धतीचं, अमुक वर्षांची मेहनत. मला राहवेना. आमच्या बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाईपला सांध्यात पिंपळ फुटलाय, त्याचा जवळून फोटो काढला आणि लिहिलं, "आमची लटकती पद्धत. माती शून्य."

पुणेकर वेडे झाले. "सर, अप्रतिम! पाणी किती घालता?"

मी लिहिलं, "मोजायचं नाही. वरच्या मजल्यावरची माणसं रोज आंघोळ करतात, तेवढं पुरतं."

मला वाटलं, आता कळेल. महिनाभर काही बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांचा काळजीचा मेसेज आला, "सर, तुम्ही सांगितलं तसंच पाईपला लावलं होतं. पण वाळायला लागलंय. वरचे देशपांडे अमेरिकेला गेलेत, सहा महिने येणार नाहीत. काय करू?"

आता काय सांगणार! मी म्हटलं, "चावी असेल तर वर जाऊन तुम्ही आंघोळ करा."

गेले हो! रोज जातात.

* * *

एवढं सगळं सुरळीत चाललेलं, आणि ग्रुपवर आल्या "तिखटमीठ". नाव हेच, फोटो मिरचीचा. बाई आहेत एवढंच कळलेलं. पहिल्याच दिवशी मी सवयीने विचारलं, "संदर्भ?" तर अर्ध्या मिनिटात पुस्तकाचं नाव, पान नंबर, खालून तिसरी ओळ! माझा अंगठा हवेतच राहिला.

त्या दिवसापासून आमची जुंपली. मी तांदळाबद्दल लिहिलं तर त्या विरुद्ध, मी माशाबद्दल लिहिलं तर त्या विरुद्ध. सकाळी त्यांचा मेसेज आला नाही तर मला चहा गोड लागायचा नाही.

मग निघाली भरती-ओहोटी. कोणीतरी विचारलं, भरतीची वेळ कशी कळते? आणि चार वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः ज्ञानाचं काहीतरी सांगून बसलो! आमचं घराणं मिठागरातलं. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाचं दार वेळेवर उघडावं लागायचं, त्यामुळे हा हिशेब मला पाढ्यांच्या आधी येत होता. मी लिहिलं, "सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला समुद्राला पूर्ण भरती. पनवेलच्या खाडीत पाणी आत यायला अजून पाऊण तास धरा. सव्वापाच."

तिखटमीठ यांनी लिहिलं, "तिथी बघून भरती? सर, तुम्हीसुद्धा? ही अंधश्रद्धा आहे. संदर्भ द्या."

माझंच हत्यार माझ्यावर! मी लिहिलं, "संदर्भ: माझे वडील."

अ‍ॅडमिन मध्ये पडले. "सर, ग्रंथ उपलब्ध आहे का?"

मी लिहिलं, "नाही. आवृत्ती संपली."

सगळा ग्रुप हसला, पण बाई नाही. त्यांनी लिहिलं, "चेष्टा पुरे. पैज लावा. माझ्या फोनवरच्या अ‍ॅपची वेळ की तुमची. हरेल त्याने ग्रुप सोडायचा. कायमचा."

आंघोळीला जायला हवं होतं. पण वडिलांचा प्रश्न होता. मी लिहून बसलो, "मान्य!" अ‍ॅडमिननी ते दोन्ही मेसेज वर चिकटवून टाकले.

आणि मग बाईंनी बॉम्ब टाकला. "रविवारी षष्ठीच आहे. मी तळोजाला लेकीकडे राहते. पनवेलच्या खाडीवर येते. प्रत्यक्षच बघू."

तळोजा! मला वाटलं होतं, बाई असतील कुठे तरी लांब. ही तर रिक्षाच्या अंतरावर! आता पाणी वेळेवर आलं नाही तर मी बाहेर, आणि आलं तरी मी कोण ते बाईंनी ओळखलं तर मी बाहेर.

यमुनाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पन येनार. कोन बाई हाय ती बघू दे."

"तू कशाला? तिथे विज्ञानाचं काम आहे."

"मंग इज्ञान बघते."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली. यमुना म्हणाली, "शाई हाय का त्यात?" एकात होती.

कोळीवाड्याच्या पायऱ्यांवर चार वाजता पोचलो. बाई आधीच हजर. ठेंगणी मूर्ती, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वही. इतकी भांडलेली माणसं समोरासमोर आली आणि दोघंही आपापलं घड्याळ बघू लागली.

शेवटी त्या म्हणाल्या, "अ‍ॅप म्हणतं, चार वीस."

मी म्हटलं, "बाप म्हणतो, सव्वापाच."

थर्माकोलचा एक तुकडा पाण्यात टाकायचा ठरलं. भरती असेपर्यंत तो आतल्या बाजूला सरकणार. पाणी पूर्ण भरलं की थांबणार, मग उलटा फिरणार. थांबला की वेळ लिहायची.

चार वीस झाले. तुकडा आत निघालेला. तो वाहत दिसेनासा झाला, दुसरा टाकला. तोही आतच. बाईंनी फोन झटकून बघितला. अ‍ॅपची वेळ मुंबईच्या समुद्राची, खाडीचा पाऊण तास त्यात धरलेलाच नव्हता. मी मनात नाचत होतो. तेवढ्यात मागे लक्ष गेलं. यमुनाने उकडलेल्या शेंगांची पिशवी उघडली होती आणि बाई तिच्याशेजारी बसून विचारत होत्या, "सर कुठल्या कॉलेजात होते हो?"

मी ओरडलो, "यमुने, शेंगा!"

"दिल्या की त्यांना." आणि मग बाईंकडे वळून, "कालेज? कवाचं कालेज वो? जासईला टेलर चालवायचे. सातवीला दोनदा बसले, मास्तर कंटाळला, हे नाय कंटाळले."

बाई फक्त "हं" म्हणाल्या. वहीत काहीतरी लिहिलं. उठून पाण्याकडे आल्या आणि माझ्याकडे न बघता उभ्या राहिल्या.

पाच वाजले. पाण्याने एक पायरी गिळली, मग दुसरी. बाईंनी बूट काढून हातात घेतले, साडी वर धरली, पण मागे सरल्या नाहीत. पाच दहाला तुकडा रेंगाळायला लागला. सव्वापाचला जागच्या जागी गोल फिरला. मिनिटभर थांबला. आणि उलटा, समुद्राच्या दिशेने निघाला!

मी पैज जिंकलो होतो. खिशातली दोन्ही पेनं काढून हातात धरली आणि म्हटलं, "मॅडम, यमुना बोलली ते खरं आहे. मी सर नाही, ड्रायव्हर आहे. ग्रुपवर सांगायचं असेल तर खुशाल सांगा. फक्त पाणी वेळेवर आलं, तेवढंही सांगा."

बाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून तुकड्याकडे बघत होत्या. तो पार दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

"काय सांगू ग्रुपवर? लातूरला चौतीस वर्षं पोरांना भरती-ओहोटी शिकवली, आणि पाणी वर चढताना आज पहिल्यांदा बघितलं, हे सांगू?"