सभागृहात आणलेली सायकल

पुंडलिकनगरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या अनिसा मॅडम लग्नाआधीपासून सायकलवरच फिरायच्या. रस्त्याकडेला सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला, तेव्हा त्यांनी शाळेत पेढे वाटले होते. पण थोड्याच दिवसांत त्या पट्ट्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. त्यातल्याच एकीचं दार अचानक उघडलं, मॅडम आपटल्या आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं, तोच शहराच्या धूरमुक्त वाहतूक आराखड्यावर महापालिकेच्या सभागृहात नागरिकांची बैठक ठरली. मॅडम सायकलवरूनच गेल्या.

फाटकावर रखवालदार म्हणाला, "मॅडम, सायकलीला जागा नाय इथं. बाहेर कुठंबी लावा."

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. सायकल ढकलत त्या थेट सभागृहात शिरल्या आणि मंचासमोर ती उभी केली.

"हे काय, मॅडम?" मंचावरच्या साहेबांनी विचारलं.

"बाहेर सायकलीला जागा नाही, म्हणून आत आणली. आता पट्ट्यावरच्या मोटारी कधी उचलणार ते सांगा. तोवर ही हलणार नाही."

साहेब पुढच्या बैठकीचं बोलू लागले. तेव्हा मागून एक रिक्षावाला उठला. "आधी मॅडमला जवाब द्या," तो म्हणाला. मग एकेक करत निम्मं सभागृह उभं राहिलं.

शेवटी साहेबांना भर सभेत तारीख द्यावी लागली. मॅडमनी आभार मानले नाहीत. घरी पोचेपर्यंत त्यांचा राग उतरला नव्हता.