ठसा नसलेला दांडा

ज्याच्या डोक्यात कल्पना येत नाहीत त्याने खुशाल जंगल खात्यात जावं, हे माझं स्वानुभवाचं मत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी डोळखांबच्या वाटेवर जंगलाच्या नाक्यावर राखा होतो. शहापूरकडे जाणाऱ्या प्रत्येक लाकडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा पाहायचा, एवढंच काम. ठसा असला तर सोडायचं, नसला तर जप्त. मला ते इतकं मानवलं की घरी पोळपाटसुद्धा मी उलटून पाहायचो. बायको म्हणायची, "मलाही बघा एकदा उलटून!"

एका दुपारी पाड्यावरचे चौघे झोळी घेऊन आले. घोंगडीत अडलेली बाई, आणि खांद्यावर नुकताच तोडलेला सागाचा ओला दांडा. ठसा नाही. मी नाक्याचा आडवा बांबू उचललाच नाही.

"दादा, मरंल वो ती," नवऱ्याने हात जोडले. "दवाखान्यात न्यायची हाय."

"बाईला जाऊ दे. दांडा जायचा नाही."

झोळीतून बाई ओरडली, "मुडद्या, मंग माज्या कपालावर मार तुजा ठसा, नि सोड!"

बाई मरेल हे दिसत होतं, पण नियम मोडायची हिंमत होईना. शेवटी नियमच धावून आला. जप्त माल राख्याने स्वतः कचेरीत पोचवायचा, आणि कचेरी शहापुरात, दवाखान्याच्या शेजारी! मी दांडा जप्त केला, कागदावर नवऱ्याचा अंगठा घेतला आणि ओरडलो, "उचला रे सरकारी माल!" झोळी दांड्याला तशीच राहिली.

बाई सुटली, मुलगी झाली. मी स्वतःवर जाम खूश. कचेरीतले साहेबही खूश. म्हणाले, "असा चोख कागद कुणी लिहीत नाही." झाडाची जात, लांबी, ताजा घाव, कबुली, सगळं होतं. त्याच कागदावर त्यांनी नवऱ्यावर खटला भरला. मी धावत गेलो. "साहेब, त्याची बायको अडली होती हो!"

"कुठे लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

लिहिलं नव्हतं. मालाच्या कागदात बाईला रकाना नसतो.

मुलीच्या बारशाला बाप कोठडीत होता. मला मात्र आग्रहाचं बोलावणं होतं. "तुमच्यामुलं वाचली मी, दादा," म्हणत बाईने पोर माझ्या मांडीवर ठेवली. खटला माझ्याच कागदावर उभा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि सांगायची माझी छाती झाली नाही.